पाटीवर दर लिहिणारा पोरगा



अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या बैठकांत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. खारबंदिस्ती झाली, वानरांचा उपद्रव झाला, पीक विम्याचे रडगाणे झाले, की कोपऱ्यातला एखादा म्हातारा बागायतदार उठतो आणि म्हणतो, ‘ते सगळे राहू द्या. माझा पोरगा वाडी शिंपायची सोडून खोल्या काढतो म्हणतो. त्याला काय सांगू?’

याला आपल्यात दोन उत्तरे तयार असतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, पोरगा बिघडला. कुळाच्या नातवाने मुंबईकरांच्या चादरी झटकाव्यात हे दिवस आले. नव्या वळणाचे पुढारी म्हणतात, शाब्बास, शेतीत काय ठेवले आहे, आता सेवा उद्योगाचे युग आहे. आम्हाला यातले एकही उत्तर पटत नाही. पहिल्याने हिशेब केलेला नाही, आणि दुसऱ्याला शेतकरी नकोच आहे.

कृषी महाविद्यालयात आमच्याकडून सगळे पाठ करून घेतले होते. दोन माडांत अंतर साडेसात मीटर, दोन पोफळींत पावणेतीन मीटर, माडाच्या सावलीत मिरी, जायफळ, केळ कशी बसवायची, खताची मात्रा किती. पण ती सुपारी सोलून बाजारात नेल्यावर तिचा दर कोण सांगतो, हा धडा एकाही पुस्तकात नव्हता. तो चळवळीत आल्यावर शिकायला मिळाला. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. कातरली की पांढरा गर जास्त, म्हणून मागणी. बागायतदार महिना-दीड महिना ती उन्हात राखतो, आभाळ भरून आले की ताटावरून उठून गोळा करायला धावतो, आणि शेवटी व्यापारी चार सुपाऱ्या तळहातावर खेळवत दर सांगतो. नारळाचे तेच. भाताचे तर बोलायलाच नको.

आता त्याच बागायतदाराचा पोरगा रस्त्यावर एक पाटी लावतो. ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय.’ खाली शाकाहारी थाळी इतके, मासळीची थाळी इतके, उकडीचा मोदक नगाला इतके. तो आकडा कोणी लिहिला? पोराने लिहिला. गिऱ्हाईक घासाघीस करील, नाक मुरडील, पुढच्या घरी जाईल. पण ‘काय दर?’ असे विचारण्याची पाळी गिऱ्हाइकावर आली. त्या घरात पणजोबापासून कोणी आपल्या मालाचा दर स्वतः लिहिला नव्हता. आपल्या जिल्ह्यात याआधी हे धाडस कोणी केले असेल तर ते अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा वळून वडखळ-अलिबाग रस्त्याला बसणाऱ्या बायांनी. बाकी सगळा शेतकरी दर ऐकणारा. म्हणून खानावळ काढणाऱ्या पोराला आम्ही बिघडलेला म्हणायला तयार नाही. शेतमालाच्या भावासाठी आपण इतकी वर्षे रस्त्यावर आलो, आणि त्याने ताटावर वाढून का होईना, तो भाव वसूल केला.

पण त्याला कोणाचे उदाहरण द्यावे, इथे घोटाळा आहे. तालुक्याच्या ठिकाणी तरुणांसाठी उद्योजकतेची व्याख्याने होतात, तिथे हमखास एक नाव घेतले जाते ते हणमंतराव गायकवाड यांचे. नाव घ्यावे असेच आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा, १९७२ साली जन्मलेला, बेताच्या परिस्थितीतला मुलगा. पुण्यात अभियांत्रिकी शिकून टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला लागला. तिथे पडून असलेल्या केबली वापरात आणून त्याने कंपनीचे मोठे पैसे वाचवले, आणि बक्षीस म्हणून गावाकडच्या पोरांना काम मागितले. १९९७ साली त्याच कारखान्याच्या साफसफाईचे काम आठ माणसांनिशी सुरू झाले. तेव्हा वय अवघे पंचविसाच्या आसपास. त्यातून भारत विकास ग्रुप उभा राहिला. संसद भवनाची साफसफाई त्यांच्याकडे आली, आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली ती चालवण्याचे कामही त्यांच्याकडेच आले.

व्याख्याते यातून काढतात काय? तर स्वप्ने मोठी पाहा. पोरे टाळ्या वाजवतात, वडापाव खातात आणि घरी जातात. आम्हाला या कारकिर्दीत स्वप्नापेक्षा दुसऱ्याच गोष्टी दिसतात, आणि त्या सांगण्यात व्याख्यात्याला टाळ्या नाहीत. गायकवाडांनी जे काम उचलले ते कोणालाच नको होते. ते उचलण्यापूर्वी कारखाना आतून पाहिला होता. कोण कुठे वेळ घालवतो, काय वाया जाते, हे ठाऊक होते. आणि काम तोंडी घेतले नाही, कागदावर घेतले. इतकी माणसे, इतकी जागा, महिन्याला इतके बिल. आमचा कोकणी माणूस इथेच मार खातो. तो पाहुण्याला खोली देतो ती ओळखीवर, आगाऊ रक्कम मागायची त्याला लाज वाटते, आणि शुक्रवारी रात्री पाहुण्याचा फोन बंद लागला की मासे वाया, भात वाया, रविवार वाया. लाजेचा खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा ते त्याने सांगावे.

मात्र एक फरक पोरांनी नीट ध्यानात घ्यावा. गायकवाडांजवळ विकायला माणसांचे श्रम आणि त्यांवरची देखरेख होती. जमिनीच्या जोरावर तो धंदा उभा नव्हता, म्हणून तो देशभर पसरू शकला. आमच्या पोराचा धंदा देशभर पसरणार नाही, पसरायचे कारणही नाही. मुंबईचा माणूस चादरीसाठी येत नाही, चादर त्याच्या घरी अधिक चांगली आहे. तो येतो माडांची सावली, रहाटाची विहीर, शेणाने सारवलेले खळे आणि वाडीपलीकडे ऐकू येणारी गाज यांसाठी. म्हणजे विकली जाते ती वाडीच. फक्त पोत्यात न भरता, दिवसाच्या भाड्याने. वाडी गेली तर धंद्यातला माल गेला.

हे पटत नसेल तर दिवेआगरची गेली पंचवीस-तीस वर्षे डोळ्यांपुढे आणा. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या एका सुपारीच्या बागेत खोदताना तांब्याची पेटी लागली आणि तीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला. गंमत पाहा, रहिमतपूरच्या त्या तरुणाने पुण्यात आठ माणसे घेऊन काम सुरू केले तेही हेच वर्ष. माणसांची रीघ लागली. येणाऱ्याला भूक लागते, मुक्काम करावासा वाटतो. कोणी पडवीत पाने मांडली, कोणी माजघराची खोली रिकामी करून दिली. कोणतीही योजना नाही, अनुदान नाही, प्रशिक्षण नाही. एका गावाने आपणहून सेवा उद्योग काढला. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेला पोरगा पाहुण्यांना देवळाची वाट दाखवत, पाण्याचे तांबे भरत या धंद्यात शिरला. विशीत त्याने मांगराच्या जागी दोन खोल्या बांधल्या, त्यावर कर्ज काढले.

मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन राखणदारांचा खून करून मुखवटा पळवला. पर्यटक रोडावले, खोल्या ओस पडल्या. हा आमचा पोरगा तेव्हा पंचविशीत होता, आणि हप्ता थांबत नाही. त्या काळात ज्यांच्या मागे वाडी होती ते सुपारीवर, नारळावर तगले. ज्या वाडीकडे दोन-चार वर्षे ‘आता काय गरज’ म्हणून बघितले नव्हते तिने घर धरून ठेवले. पुढे समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने हळूहळू पुन्हा माणसे येऊ लागली.

मग २०२०. मार्चपासून करोनाची टाळेबंदी, म्हणजे ऐन हंगामाचे एप्रिल-मे कोरडे. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. दुपारच्या काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ ही बारीक अंगाची, उंच. तिला वाऱ्यात टेकू माडाचा आणि शेजारच्या पोफळीचा. एक रांग गेली की पुढची उघडी पडते. दोन्ही पाय एकाच वर्षी मोडले.

सरकारी भरपाईचा हिशेब तेव्हा आपण घरोघर जाऊन समजावला होता, तो विसरू नका. बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. ऐकायला बरे वाटते. पण आपली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार. एवढ्यात पडलेले माड कापून बाहेर काढायची मजुरीही भागत नव्हती. ओरड झाल्यावर झाडांवर हिशेब आला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षे लागतात. वर्षाला सात-आठ रुपयेप्रमाणे तिचे बालपण सरकारने विकत घेतले म्हणायचे!

अशा वेळी घर कोणी सावरले? आम्ही जे पाहिले ते सांगतो. पर्यटन उघडल्याबरोबर पत्रे ठोकून, एक खोली कशीबशी उभी करून ज्यांनी पाट मांडला, त्यांच्या खोलीच्या पैशांतून वाडीत नवी रोपे लागली. २०१२ साली वाडीने खोली जगवली होती, २०२० नंतर खोलीने वाडी जगवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवेआगरला मुखवटा पुन्हा विराजमान झाला, माणसे परत आली, तोवर त्या रोपांना पालवी फुटली होती. वाडी आणि खानावळ यांत एकाची निवड करा म्हणणाऱ्यांना या दहा वर्षांचा ताळेबंद दाखवावा. आणि ज्यांनी मधल्या मंदीत घाबरून किनाऱ्याकडची जागा विकली होती, त्यांच्यापाशी ना हे होते, ना ते.

विक्रीचा विषय निघालाच आहे तर उत्तरेकडे अलिबागला येऊ. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट बोट येते, तासाभराचे काम. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू उघडला. मुंबई आता पलीकडे राहिली नाही, कुंपणाला टेकली आहे. किहीम, आवास, सासवणे, नागाव इथे गुंठ्याला जो आकडा सांगितला जातो तो ऐकून म्हाताऱ्यांची झोप उडते. जमीन विकण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, यात आमचे दुमत नाही. कोणी कायद्याने त्याचे हात बांधू लागला तर आपण विरोधच करू. पण हक्क असणे वेगळे आणि सौदा परवडणे वेगळे. बंगला उभा राहतो, भोवती भिंत येते, आणि वर्षभराने त्याच कुटुंबातला पोरगा फाटकावर निळा शर्ट घालून उभा असतो. त्याला केअरटेकर म्हणतात. आई आत भांडी घासते, चुलता गवत कापतो. आठवड्याच्या शेवटी बंगला भाड्याने जातो, एका रात्रीचे भाडे पोराच्या महिन्याच्या पगाराइतके किंवा त्याहून जास्त असते. तोही सेवा उद्योगच. सरकारी आकडेवारीत तो पोरगा आणि पाटीवर दर लिहिणारा पोरगा एकाच रकान्यात मोजले जातात.

याच तालुक्यात चरी आहे. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून चरी आणि भोवतालच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला आणि सुमारे सहा वर्षे उपासमार सोसली. लाकडे विकली, पण नांगर धरला नाही. त्या जमिनी नातवांच्या नावावर आल्या त्या अशा. म्हणून ज्याला पैशाची खरीच निकड आहे त्याला आमचे सांगणे एवढेच की विकण्यापूर्वी भाडेपट्ट्याचा विचार कर. मुदतीचा करार, नोंदणी केलेला, झाडे तोडायची नाहीत, विहीर बुजवायची नाही, दर ठरावीक वर्षांनी भाडे वाढेल. मुंबईच्या माणसाला हवा खायचीच आहे ना? भाड्यानेही ती तितकीच गार लागते.

आता सरकार. कृषी पर्यटनाचे धोरण महाराष्ट्राने २०२० मध्ये आणले. त्यात शेतकऱ्याकडे किमान एक एकर जमीन हवी अशी अट आहे. घाटावर एकराला कोणी शेती म्हणत नाही, तिथे ही अट फार सोपी वाटली असेल. पण दहा-पंधरा गुंठ्यांत माड, पोफळ, मिरी, जायफळ, केळ अशी पाच पिके घेणारा आमचा आगरी, माळी, ब्राह्मण, भंडारी वाडीवाला या धोरणाच्या लेखी शेतकरीच नाही. मुंबईच्या ज्या गृहस्थाने त्याच्या शेजारी दोन एकर घेऊन चार आंबे लावले, तो मात्र कृषी पर्यटनाला पात्र! आपली मागणी सरळ आहे. किनारपट्टीच्या तालुक्यांत एकराची अट काढून वाडीतली झाडे मोजा. दुसरे म्हणजे २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत स्थानिकांना जुन्या घराचा जोता आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवायला वाट दिली आहे. ती किती जणांना ठाऊक आहे? ती मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. नाहीतर होते असे की मोठ्या हॉटेलवाल्याचा सल्लागार नियम वाचतो आणि आमच्या पोराला नियम वाचून दाखवायला नोटीस घेतलेला माणूस येतो.

इथवर पोराची बाजू मांडली. आता त्याची झडती घेऊ.

खानावळीची वही आम्ही पाहायला मागतो. गॅस, किराणा, मासळी, वीज, हप्ता, सगळे लिहिलेले असते. मग विचारतो, आईची मजुरी कुठे? पोरगा हसतो. पहाटे पाचला उठून तांदळाची उकड मळणारी, पाकळ्या काढून पन्नास-साठ मोदक वळणारी, दुपारी तीनला उभ्याउभ्या दोन घास खाणारी बाई त्या वहीत नाही. बायको आहे, तीही नाही. उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून आपण दिल्लीच्या कृषिमूल्य आयोगाशी भांडलो. ती मजुरी न धरता काढलेला भाव ही लूट आहे, असे भाषणात सांगणारा कार्यकर्ता घरी आईची मजुरी धरत नसेल, तर त्याची थाळी स्वस्त आहे असे म्हणू नये, तिची किंमत दुसरे कोणी देते आहे. आमच्या माहितीत काही घरांत आता मोदकाचा हिशेब वेगळा ठेवतात आणि तो पैसा आईच्या खात्यावर जातो. त्या घरांत मोदकाचा दर वाढला, आणि गिऱ्हाईक काही पळून गेले नाही.

दुसरी झडती ताटाची. पाटीवर ‘कोकणी जेवण’. ताटात तांदूळ कुठला? सोलकढीचा नारळ कुठला? मासळी बर्फाच्या ट्रकमधून आली की भरडखोलच्या कोळणीकडून घेतली? शेजारचा म्हातारा असोले नारळ घेऊन आला की पोरगा काय म्हणतो? ‘काका, बाजारात ट्रकचा माल याहून स्वस्त पडतो.’ म्हणजे हातात सुपारी खेळवणारा व्यापारी बोलू लागला! स्वतःचा दर स्वतः लिहिणाऱ्याने शेजाऱ्याला दर ऐकवायचा नसतो, निदान विचारायचा असतो. नारळाला दोन रुपये जास्त दिले तर थाळीमागे किती पैसे वाढतात, याचे गणित चौथीतले पोर करील. आणि पाहुण्याला तोच नारळ झाडावर दाखवता येतो, हा फायदा वेगळाच.

धंदा शनिवार-रविवारचा आणि हप्ता बारा महिन्यांचा, हेही पोरांनी खोल्या वाढवण्यापूर्वी कागदावर मांडावे. पावसाळ्यात किनारा रिकामा, आठवड्याचे मधले दिवस रिकामे. दोन खोल्या चालल्या म्हणून आठ खोल्यांचे कर्ज काढू नये. त्या सहा खोल्यांच्या पायात जेवढ्या पोफळी जातील तेवढा पाहुणा कमी होईल. श्रीवर्धनला विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. बँकेत जाण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन वाडीत अजून काय बसते ते विचारावे, हा आमचा आपला जुन्या पेशातला सल्ला.

पुढच्या जिल्हा बैठकीला खानावळ, खोल्या, बोट, टमटम चालवणाऱ्या तरुणांची वेगळी बैठक सकाळी ठेवली आहे. भाषणे नाहीत. प्रत्येकाने गेल्या हंगामाची वही आणावी. वहीत पाच रकाने आखलेले असावेत: आलेले पैसे, बँकेचा हप्ता, घरच्या बायांची मजुरी, गावातून घेतलेला माल आणि त्याला दिलेला दर, वाडीत लावलेली रोपे. रिकामा रकाना तसाच ठेवून आणला तरी चालेल. तो भरायचा कसा ते तिथे बसून पाहू. ज्यांना जमीन भाड्याने द्यायची आहे त्यांनी सातबारा बरोबर ठेवावा, कराराचा मसुदा तयार करून मिळेल. आयांनीही यावे, जेवणाची व्यवस्था त्या दिवशी पोरांकडे आहे.